बाकाखालची चिठ्ठी: एका कॉपी केसला दिलेल्या उत्तराचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ही विद्यार्थिनी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. विषय रसायनशास्त्र. वडील एसटीत वाहक. घरात पदवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. पाच सत्रांत एकही विषय बॅक नव्हता आणि पुढे विद्यापीठाच्या विभागातच एमएस्सी करायची हे घरात ठरलेलं होतं. ओळख पटू नये म्हणून गाव, महाविद्यालय, विद्यापीठ आणि वर्ष गाळलं आहे. तिचं लेखी उत्तर तयार करायला मी मदत केली होती, त्यामुळे या प्रकरणातले बहुतेक कागद मी पाहिलेले आहेत.

परीक्षेच्या काळात वर्गात कनिष्ठ पर्यवेक्षक असतो, त्याच्यावर वरिष्ठ पर्यवेक्षक आणि केंद्रप्रमुख. विद्यापीठाचं भरारी पथक न सांगता येतं. पथकाने किंवा पर्यवेक्षकाने कॉपी पकडली की विहित नमुना भरला जातो, उत्तरपत्रिका जप्त होते आणि प्रकरण विद्यापीठाकडे जातं. शिक्षा महाविद्यालय देत नाही. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाच्या कलम 48 नुसार परीक्षा व मूल्यमापन मंडळ अशा चौकशीसाठी जास्तीत जास्त पाच जणांची समिती नेमतं. काही विद्यापीठांत तिला परीक्षा प्रमाद समिती म्हणतात, बाकी ठिकाणी गैरप्रकार चौकशी समिती. निकाल तोवर राखून ठेवलेला असतो.

म्हणजे वर्गात काय घडलं हे प्रत्यक्ष पाहिलेली माणसं वेगळी आणि निर्णय देणारी वेगळी. समितीसमोर घटना कागदावरच येते. विद्यार्थ्यांनी सगळ्यांत आधी हे लक्षात घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

घटना

उन्हाळी सत्र, सहाव्या सेमिस्टरचा भौतिक रसायनशास्त्राचा पेपर. पेपर सुरू होऊन तासभर उलटल्यावर भरारी पथक वर्गात आलं. पथकातल्या एका प्राध्यापकांना तिच्या बाकाखाली, पाय ठेवायच्या लाकडी पट्टीला लागून, घडी घातलेली मायक्रो झेरॉक्स, म्हणजे छापील पान अगदी लहान करून काढलेली प्रत, दिसली. तिच्यावर नर्न्स्ट समीकरणाची सिद्धता होती; विद्युतघटाचं विभव आयनांच्या संहतीवर कसं अवलंबून असतं ते सांगणारं हे समीकरण. प्रश्नपत्रिकेत तो प्रश्न होता.

“ही कोणाची?” असं विचारलं तेव्हा कुणीच बोललं नाही. चिठ्ठी तिच्या पायाजवळ होती म्हणून तिला उभं केलं. पथकातल्या मॅडमनी बाजूला नेऊन तिची झडती घेतली. कंपासपेटी, हॉल तिकीट, ओढणी, पाण्याची बाटली, कॅल्क्युलेटरचं कव्हर सगळं पाहिलं. काही सापडलं नाही. तिच्या मागच्या आणि शेजारच्या रांगेतल्या कुणाचीही झडती झाली नाही.

उत्तरपत्रिका काढून घेतली गेली. नमुन्यात विद्यार्थ्याच्या जबाबासाठी जागा असते. तिथे काय लिहायचं हे तिला सांगण्यात आलं, आणि हे लिहून सही केल्याशिवाय नवी उत्तरपत्रिका मिळणार नाही असंही सांगण्यात आलं. वेळ जात होता. तिने लिहिलं: “सदर कागद माझ्या बाकाखाली सापडला. माझ्याकडून चूक झाली. मला माफ करावे.” खाली सही, बैठक क्रमांक, तारीख. मग नवी उत्तरपत्रिका मिळाली आणि उरलेल्या वेळात तिने जमेल तेवढं पुन्हा लिहिलं.

अडचण नेमकी कुठे होती

चिठ्ठी ही मोठी अडचण नव्हती. बाकाखाली, जमिनीवर, कुणीही टाकलेली असू शकते. मायक्रो झेरॉक्सवर हस्ताक्षरही नसतं. अडचण त्या तीन वाक्यांची होती. पहिलं वाक्य खरं होतं. दुसऱ्या वाक्याने तिने गुन्हा कबूल केला होता, आणि तिसऱ्याने त्या कबुलीवर शिक्का मारला होता.

नमुन्यात आणखी एक गोष्ट नव्हती. झडती घेतली आणि काही सापडलं नाही, याची नोंद कुठेच नव्हती. पथकाच्या अहवालात चिठ्ठी “विद्यार्थिनीजवळ” सापडली असं होतं, तर तिच्या जबाबात “बाकाखाली”. या दोन जागांमधला फरक त्या दिवशी कुणाच्या लक्षात आला नाही. पुढे तोच कामाला आला.

कायद्याची बाजूही समजून घेऊ. गैरप्रकाराच्या चौकशीत विद्यार्थ्याला बाजू मांडायची संधी दिलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये उत्तर प्रदेश बोर्डाच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तिथे तीन विद्यार्थ्यांचा निकाल त्यांचं म्हणणं न ऐकताच रद्द केला होता. पण त्याच वर्षी त्याच बोर्डाच्या दुसऱ्या प्रकरणात त्याच न्यायालयाने हेही सांगितलं की कॉपी करताना कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नसलं तरी परिस्थितीवरून समिती निष्कर्ष काढू शकते, आणि न्यायालयाने अपील ऐकल्यासारखं त्या निष्कर्षात शिरू नये. त्या प्रकरणात दोन उमेदवारांच्या चुका अगदी सारख्या निघाल्या होत्या. म्हणून “पुरावा काय आहे तुमच्याकडे?” एवढं विचारून या चौकशीतून सुटता येत नाही. फौजदारी खटल्यात मिळतो तसा संशयाचा फायदा इथे आपोआप मिळेल असं धरून चालू नये. परिस्थिती तुमच्या बाजूने काय सांगते ते तुम्हालाच दाखवावं लागतं.

पहिले दोन दिवस

त्या दिवशी घरी तिने काहीच सांगितलं नाही. संध्याकाळी एका वर्गमैत्रिणीला फोन केला, आणि मैत्रिणीने महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागातल्या मॅडमना. मॅडमनी त्याच रात्री तिला दोन कामं सांगितली. जे घडलं ते वेळेनुसार वहीत लिहून ठेव, आणि वर्गाचा नकाशा काढ. फळा कुठे, दार कुठे, पर्यवेक्षकाची खुर्ची कुठे, तुझा बाक, मागचा, शेजारचा, चिठ्ठी कुठे होती. तिने वहीच्या पानावर पेनाने नकाशा काढला, पट्टी वापरून, आणि चिठ्ठीच्या जागी फुली केली. खाली तारीख आणि वेळ लिहिली. तो नकाशा पुढे समितीच्या फाइलला लागला.

हा सल्ला मला फार मोलाचा वाटतो. आठवण आठवडाभरात बदलते. लोक विचारत राहतात, आपण सांगत राहतो, आणि सांगता सांगता त्यात भर पडते. त्याच रात्री लिहिलेलं टिपण अशा भरीपासून वाचलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिने वडिलांना सांगितलं. ते रागावले नाहीत, पण घाबरले. चुलते म्हणाले, “साहेबांना सांगू, वरून फोन गेला की मिटतं सगळं.” महाविद्यालयातल्या लिपिकांनी आपुलकीने सांगितलं, “ताई, माफीनामा देऊन टाक. जास्त ताणलंस तर वर्ष जातं बघ.” पर्याय असे समोर आले.

पर्याय

माफीनामा. सगळ्यांत जास्त लोकांनी हाच सुचवला, आणि तोच सगळ्यांत धोक्याचा होता. अनेक विद्यापीठांच्या शिक्षेच्या तक्त्यात कॉपीचं साहित्य नुसतं जवळ असणं आणि त्यावरून प्रत्यक्ष लिहिणं यांना वेगवेगळी शिक्षा असते. पहिल्यासाठीसुद्धा त्या परीक्षेची पूर्ण संपादणूक रद्द होऊ शकते, म्हणजे त्या सत्राचे सगळे विषय गेले. दुसऱ्यासाठी त्यावर पुढच्या परीक्षेला बसायची बंदीही येते. “माफ करा” एवढं लिहिलेल्या माफीनाम्यात आपण यातलं काय कबूल करतोय हेच येत नाही, आणि समिती त्यातून जास्तीचा अर्थ काढू शकते.

इथे एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. ज्याने खरोखर चिठ्ठी नेली होती त्याने बनाव रचू नये. त्याने जे केलं तेवढंच, नेमकं कबूल करावं. चिठ्ठी नेली पण त्यावरून लिहिलं नसेल तर तसं लिहावं आणि उत्तरपत्रिका तपासून बघा असं म्हणावं. पण न केलेल्या गोष्टीची माफी शिक्षा हलकी होईल या आशेवर मागणं, हा सौदा मी कुणालाही करू देणार नाही.

वशिला. चुलत्यांचा सल्ला मायेपोटी होता. पण समितीत पाचपर्यंत माणसं बसतात आणि प्रत्येकाची सही लागते. फोन आला की खरं बोलणाऱ्या मुलीकडेसुद्धा संशयाने पाहिलं जातं. शिवाय ज्याच्यामागे फोन करणारं कुणी नाही त्याच्यावर हा उघड अन्याय आहे. वडिलांनी हा पर्याय स्वतःच बाजूला ठेवला. “तिने केलं नाही तर फोन कशाला?” एवढंच म्हणाले.

थेट उच्च न्यायालय. एका ओळखीच्या वकिलांनी रिट याचिकेबद्दल सांगितलं, पण सोबत हेही सांगितलं की समितीने निर्णयच दिलेला नाही, तेव्हा आत्ता छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात गेलो तर आधी समितीसमोर जा असंच सांगितलं जाईल. बाजू न ऐकता शिक्षा झाली तर मात्र तो रस्ता मोकळा आहे. प्रामाणिक सल्ला होता. फी घेतली नाही.

मागच्या मुलाचं नाव घेणं. हा पर्याय तिच्या मैत्रिणींनी सुचवला. मागच्या बाकावरच्या मुलाबद्दल वर्गात सगळ्यांनाच शंका होती. तिने काही पाहिलेलं नव्हतं. मॅडमनी विचारलं, “तू स्वतः काय पाहिलंस?” ती म्हणाली, “काहीच नाही.” मग विषय तिथेच थांबला. दुसऱ्यावर बोट दाखवलं असतं तर समितीने तिला आणखी दहा प्रश्न विचारले असते आणि एकाचंही उत्तर तिच्याकडे नव्हतं.

लेखी अर्ज आणि सुनावणी. हा रस्ता ठरला.

काय केलं

पहिला अर्ज घटनेच्या दुसऱ्या दिवशी, प्राचार्य आणि केंद्रप्रमुख यांच्या नावे. तो एका पानाचा होता. त्यात वाद नव्हता, गाऱ्हाणं नव्हतं, “मी हुशार विद्यार्थिनी आहे” असंही नव्हतं. मुख्य मजकूर असा:

“दि. … रोजी माझ्या बाकाखाली जमिनीवर एक कागद सापडला. तो कागद माझा नाही व मी तो वापरलेला नाही. पथकातील महिला सदस्यांनी माझी झडती घेतली; त्यात काहीही सापडले नाही. नवीन उत्तरपत्रिका मिळण्यासाठी सांगितल्याप्रमाणे मी जबाब लिहून दिला. त्यातील ‘माझ्याकडून चूक झाली’ हे विधान मला मान्य नाही. खोलीतील सीसीटीव्ही चित्रीकरण, बैठक व्यवस्थेचा तक्ता व कनिष्ठ पर्यवेक्षकांचा अहवाल जपून ठेवावा, ही विनंती.”

अर्ज घेऊन गेली तर लिपिक म्हणाले, ठेवून जा. पोच द्यायला तयार नव्हते. आवक क्रमांक नसलेला अर्ज दिला नाही असंच समजायचं. तिने वाद घातला नाही. गावातल्या पोस्टातून तोच अर्ज स्पीड पोस्टने प्राचार्यांना आणि विद्यापीठाच्या परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांना पाठवला, ईमेलही केला, आणि पोस्टाची पावती त्याच वहीत चिकटवली. दोन दिवसांनी महाविद्यालयाने आपणहून आवक शिक्का मारलेली प्रत दिली.

उरलेले पेपर तिने दिले. हा निर्णय सोपा नव्हता. “सगळंच रद्द होणार असेल तर कशाला बसायचं?” असं ती दोनदा म्हणाली. पण रद्द होणार की नाही हे ठरलेलं नसतं, आणि न दिलेला पेपर नंतर कुणी परत देत नाही. निर्दोष ठरूनही विषय बॅक राहिलेली मुलं असतात, ती इथेच अडकलेली असतात.

तिसरं काम माहिती अधिकाराचं. उत्तरपत्रिका ही माहिती आहे आणि ती परीक्षार्थीला पाहता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात ठरवलेलं आहे. साध्या कागदावर अर्ज, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मागणी जप्त केलेल्या पहिल्या उत्तरपत्रिकेच्या प्रतीची. उत्तर आलं की प्रकरण चौकशीत आहे, आता देता येणार नाही. प्रत मिळाली नाही, पण पहिली उत्तरपत्रिका पाहण्याची मागणी लेखी नोंदली गेली. तिचा खरा बचाव त्याच उत्तरपत्रिकेत होता, हे तेव्हा आम्हालाही पुरतं माहीत नव्हतं.

नोटीस आणि उत्तर

निकाल लागला तेव्हा तिच्या नावापुढे राखीव. जुलैत समितीची नोटीस आली: अमुक तारखेला विद्यापीठात हजर राहावे. आरोप म्हणून फक्त “परीक्षेतील गैरप्रकार” एवढंच होतं. साहित्य जवळ बाळगलं असं म्हणणं आहे की त्यावरून लिहिलं असं, हे सांगितलेलं नव्हतं.

अशी नोटीस आल्यावर बहुतेक मुलं त्या तारखेला नुसती जाऊन उभी राहतात. तिने आधी लेखी विचारलं: आरोप नेमका कोणता, आणि पथकाचा अहवाल, चिठ्ठीची प्रत, माझा जबाब, पर्यवेक्षकांचा अहवाल, बैठक तक्ता व पहिली उत्तरपत्रिका सुनावणीपूर्वी पाहायला मिळावी. सोबत दोन पानी उत्तर जोडलं. त्यात पहिल्या अर्जातलंच म्हणणं, तेच शब्द, आणि नकाशाची प्रत. नवं काही घातलं नाही. दोन कागदांत म्हणणं बदललं की समिती आधी तेच पकडते.

सुनावणी

रात्रीच्या एसटीने वडील आणि ती विद्यापीठात पोचले. कागद दाखवायची परवानगी मिळाली होती, सुनावणीच्या आधी, कार्यालयातल्या टेबलावर, लिपिकासमोर बसून. वेळ थोडाच होता.

तिने पहिली उत्तरपत्रिका उघडली. नर्न्स्ट समीकरणाचा प्रश्न आतल्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर होता आणि पूर्ण झालेला होता. त्यानंतरची तीन पानं दुसऱ्या प्रश्नांनी भरलेली होती. म्हणजे चिठ्ठी सापडली तेव्हा त्या प्रश्नाचं काम केव्हाच संपलेलं होतं. मग तिने चिठ्ठी शेजारी ठेवली. चिठ्ठीतली सिद्धता जुन्या गाईडमधली होती, ऑक्सिडेशन पोटेन्शियल धरून केलेली. तिथे धातूच्या आयनांच्या संहतीच्या लॉगरिदमचं पद वजा होतं. तिने वर्गातल्या वहीप्रमाणे रिडक्शन पोटेन्शियल धरलं होतं, म्हणून तेच पद अधिक होतं. शेवटी तिने 298 केल्विन तापमान घालून 0.0591 पर्यंत सोडवलं होतं. चिठ्ठीत ती पायरीच नव्हती. सुरुवात दोन्हीकडे मुक्त ऊर्जेच्या समीकरणाने होती, पण ती सगळ्या पुस्तकांत तशीच असते.

तिने हे सगळं एका कागदावर दोन रकान्यांत उतरवून घेतलं. डावीकडे चिठ्ठी, उजवीकडे माझं उत्तर, प्रत्येक पायरीसमोर पान क्रमांक.

आत समितीने पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे विचारला: “तुमची चिठ्ठी नव्हती, तर मग सही का केलीत?” तिने तयारी केलेलं उत्तर दिलं: “सर, सही केल्याशिवाय उत्तरपत्रिका मिळणार नव्हती. वेळ जात होता. दुसऱ्याच दिवशी मी ते मान्य नसल्याचं लेखी कळवलं, त्याची पोच इथे आहे.” या प्रश्नावर रडू येणं साहजिक आहे, आणि रडली असती तरी काही बिघडलं नसतं. पण पोच समोर ठेवता आली, म्हणून पुढचा प्रश्न सहीवर अडकला नाही.

दुसरा प्रश्न: “मग कोणाची?” ती म्हणाली, “मला माहीत नाही. मी कोणाला टाकताना पाहिलं नाही.”

मग तिने दोन रकान्यांचा कागद दिला. अध्यक्ष स्वतः विज्ञान शाखेचे होते. त्यांनी उत्तरपत्रिका आणि चिठ्ठी शेजारी ठेवून पाहिली, कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, “ही सिद्धता आत्ता करून दाखवता का?” नियमात असं काही नाही. ती नाही म्हणू शकली असती. घटना होऊन अडीच महिने झाले होते, हात थरथरत होते, विसरली असती तर उलटं पडलं असतं. पण तिने लिहिली, रिडक्शन पोटेन्शियल धरून, अधिक चिन्हासकट. मी तिच्या जागी असणाऱ्या प्रत्येकाला हे करा म्हणणार नाही. ज्याला खरोखर येतं पण भीतीने हात गोठतो त्याने नम्रपणे सांगावं की माझं उत्तर माझ्या उत्तरपत्रिकेत आहे, ते पाहावं.

कनिष्ठ पर्यवेक्षकांचा अहवाल एका ओळीचा होता: पथकाने कारवाई केली. झडतीबद्दल त्यात काही नव्हतं. समितीने पथकातल्या मॅडमना फोन लावून विचारलं. झडती घेतली होती आणि काही सापडलं नव्हतं, असं त्यांनी सांगितलं. चिठ्ठी नेमकी कुठे होती यावर अहवालातलं “जवळ” मागे पडलं आणि “बाकाखाली” राहिलं. सीसीटीव्हीचं चित्रीकरण तोपर्यंत पुसलं गेलं होतं. महाविद्यालयाने तसं लेखी दिलं. पण ते जपून ठेवा असं घटनेच्या दुसऱ्या दिवशी सांगणारी आरोपी मुलगीच होती, ही गोष्ट अध्यक्षांनी इतर सदस्यांना वाचून दाखवली.

निकाल

ऑगस्टच्या मध्यावर पत्र आलं. साहित्य जवळ बाळगल्याचं सिद्ध होत नाही, त्यावरून लिहिल्याचं सिद्ध होत नाही, निकाल जाहीर करावा. दोन्ही उत्तरपत्रिका एकत्र तपासल्या गेल्या आणि ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली.

विद्यापीठ विभागातल्या एमएस्सीच्या प्रवेशफेऱ्या मात्र संपल्या होत्या. गुणपत्रक नसल्यामुळे तिचा अर्ज यादीतून आधीच बाहेर पडला होता. तिने दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात, विनाअनुदानित तुकडीत, जास्त फी भरून प्रवेश घेतला. वडिलांनी त्यासाठी पतसंस्थेचं कर्ज काढलं. निर्दोष ठरलेल्या मुलीला ही किंमत मोजावी लागली, आणि याची भरपाई करायची कुठलीच तरतूद नाही. मला हे अजूनही फार लागतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट पेपर सुरू होण्यापूर्वीची. बाकावर बसताना खाली, पट्टीवर, ड्रॉवरमध्ये पाहायचं, आणि कागदाचा कपटा दिसला तरी हात न लावता पर्यवेक्षकांना सांगायचं. आता ती लहान बहिणीला हे न चुकता सांगते.

दुसरी जबाबाची. तिला लिहायला सांगितलं तेव्हा ती इतकंच लिहू शकली असती: “कागद बाकाखाली जमिनीवर सापडला. तो माझा नाही. माझी झडती घेतली, काही सापडले नाही.” हे खरं होतं आणि लिहायला तेवढाच वेळ लागला असता. यावर पथक चिडलं असतं, हे मान्य. पण सही नाकारण्यापेक्षा स्वतःचं म्हणणं लिहून सही करणं केव्हाही चांगलं. सही नाकारली तर नमुन्यावर “सही करण्यास नकार” एवढंच राहतं आणि विद्यार्थ्याची बाजू कोरी जाते. मजकूर आधीच लिहिलेला असेल तर सहीच्या वर “वरील मजकूर मान्य नाही” लिहावं. पोलीस केसची धमकी काही ठिकाणी दिली जाते. परीक्षांमधल्या गैरप्रकारांविरुद्ध राज्यात 1982 चा कायदा आहे हे खरं, पण त्या धाकाने खोटी कबुली दिली तर उलट तीच कबुली पुढे अंगाशी येऊ शकते.

तिसरी, आणि माझ्या मते या प्रकरणात सगळ्यांत महागात पडलेली, वेळेची. पहिल्या अर्जात पुराव्याबद्दल सगळं होतं, प्रवेशाच्या तारखांबद्दल एक शब्द नव्हता. “माझा एमएस्सी प्रवेश या निकालावर अवलंबून आहे, सुनावणी लवकर ठेवावी” असं मे महिन्यातच लिहायला हवं होतं. राज्याच्या कायद्यात परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत निकाल लावण्याची अपेक्षा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या तक्रार निवारण विनियमांत ठरलेल्या वेळापत्रकापलीकडे निकालाला उशीर होणं हा तक्रारीचा विषय धरला आहे. विद्यार्थी तक्रार निवारण समितीने कामकाजाच्या 15 दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि त्यानंतर लोकपालांकडे, म्हणजे विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या व्यक्तीकडे, जाता येतं. जून संपताच ही तक्रार केली असती तर सुनावणी ऑगस्टकडे सरकली नसती, असं मला वाटतं. सोबत विद्यापीठातल्या विभागप्रमुखांना तात्पुरत्या प्रवेशासाठी वेगळा अर्ज द्यायला हवा होता. मिळाला असताच असं नाही, पण मागितला नाही.

चौथी महाविद्यालयाची. चित्रीकरण किती दिवस राहतं हे महाविद्यालयालाच माहीत असतं. विद्यार्थिनीचा अर्ज आला त्या दिवशी ते वेगळं काढून ठेवणं एका माणसाचं तासाभराचं काम होतं. आणि कनिष्ठ पर्यवेक्षकांनी आपल्या डोळ्यांसमोर झालेली झडती अहवालात लिहिली असती, तर सुनावणीत फोन करून विचारायची वेळच आली नसती. या प्रकरणानंतर महाविद्यालयाच्या विभागातल्या त्याच मॅडमनी पर्यवेक्षकांसाठी एक साधा तक्ता करून दिला: वस्तू कुठे सापडली, कोणी पाहिली, झडती कोणी घेतली, काय सापडलं, काय सापडलं नाही, त्या वेळी विद्यार्थी कोणत्या प्रश्नावर होता. केंद्रप्रमुखांनी तो पुढच्या सत्रापासून प्रत्येक खोलीच्या पाकिटात ठेवायला सुरुवात केली आहे.